रोटरी-लायन्सच्या पावतीमागचा हिशेब

जुलै लागला की सोलापूरच्या वर्तमानपत्रांत पदग्रहणाच्या बातम्या सुरू होतात. गळ्यात पदकांची कॉलर घातलेले नवे अध्यक्ष, शेजारी नवे सचिव, मागे फ्लेक्स. त्याच आठवड्यात वृक्षारोपण, वह्यावाटप, डॉक्टरांचा आणि सीएंचा सत्कार. बाहेरच्या माणसाला वाटतं, ही मंडळी पावसाळ्यातच जागी होतात की काय! कारण साधं आहे. रोटरी आणि लायन्स या दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, सोलापुरात आणि शिकागोतही. डॉक्टरांचा आणि सीएंचा दिवसही १ जुलैच, म्हणून सत्कार आयतेच जमतात. आणि अध्यक्षाला खुर्ची मिळते ती बारा महिन्यांची, एक दिवस जास्त नाही.

या एका नियमावरून क्लबचं निम्मं वागणं उलगडतं. उरलेलं निम्मं त्यांच्या बँकेतल्या दोन खात्यांवरून. त्या खात्यांकडे येतोच, पण आधी ही मंडळी कोण ते थोडक्यात बघू.

रोटरी १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने सुरू केली. लायन्सची सुरुवातही शिकागोतच, १९१७ साली, विम्याच्या धंद्यातल्या मेल्विन जोन्सच्या पुढाकाराने. मूळ कल्पना दोन्हीकडे एकच होती: शहरातल्या धंदेवाल्यांनी आणि व्यावसायिकांनी नियमित भेटायचं, ओळखी वाढवायच्या आणि त्या ओळखींतून गावासाठी काहीतरी करायचं. भारतात रोटरी कलकत्त्यात १९२० साली आली, लायन्स मुंबईत १९५६ साली. बायकांना मात्र दोघांनीही १९८० च्या दशकाच्या शेवटी दार उघडलं: लायन्सने १९८७ मध्ये, रोटरीने १९८९ मध्ये. तोवर रोटेरियनांच्या घरच्या बायकांसाठी इनरव्हील हा वेगळा क्लब होता. तो आजही आहे आणि जोरात आहे. शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्ट, तरुणांसाठी रोट्रॅक्ट, लायन्सकडे लिओ.

रोटरीचा एक जुना दंडक समजून घेण्यासारखा आहे. क्लबात एकाच धंद्याच्या माणसांची गर्दी होऊ द्यायची नाही. त्यामुळे एखाद्या क्लबच्या बैठकीला बसलात तर तिथे बालरोगतज्ज्ञ, सुताचा व्यापारी, आर्किटेक्ट, छापखानेवाला, टॉवेलचा निर्यातदार, सीए, औषधांचा होलसेलर अशी मंडळी दिसतील. क्लबची खरी पुंजी हीच. शाळेत स्वच्छतागृह बांधायचं ठरलं की नकाशा एकजण फुकट काढतो, दुसरा सिमेंट खरेदीच्या भावात देतो, तिसरा महापालिकेत कोणत्या टेबलावर फाईल अडली आहे ते फोनवर विचारतो. बाजारभावाने काढलं तर या मदतीची किंमत कित्येकदा गोळा केलेल्या रकमेहून जास्त भरेल. ती हिशेबाच्या वहीत कधीच दिसत नाही.

दोन खाती

आता पैसा. 'काय ओ, हे क्लबवाले लोकांकडून पैसे घेऊन हॉटेलात जेवतात की!' हे वाक्य सोलापुरात कुणी ऐकलं नसेल असं नाही. त्याचं उत्तर दोन खात्यांत आहे.

पहिलं खातं प्रशासनाचं. त्यात सभासदांची वार्षिक वर्गणी जमा होते. क्लबच्या भाषेत ड्यूज. बैठकीचं जेवण, हॉलचं भाडं, पदग्रहणाचा समारंभ, बुलेटिन, वर डिस्ट्रिक्टला (म्हणजे अनेक क्लबांच्या मिळून झालेल्या विभागाला) आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाला दर सभासदामागे पाठवायची रक्कम हे सगळं यातून जातं. म्हणजे सभासद जेवतात ते स्वतःच्या पैशाने. दुसरं खातं सेवाकार्याचं. लोकांकडून तिकीट, जाहिरात, देणगी, लकी ड्रॉ अशा वाटेने जे येतं ते इथे. लायन्सच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे स्पष्ट आहे: जनतेकडून उभा केलेला पैसा जनतेच्याच कामी लागला पाहिजे. कार्यक्रमाचा प्रत्यक्ष खर्च वजा करता येतो, क्लब चालवायचा खर्च नाही. रोटरीतही अंदाजपत्रक असंच दुभागलेलं असतं.

म्हणून क्लबच्या माणसाने पावती पुस्तक पुढे केलं की 'तुम्ही जेवता का' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. विचारायचं ते असं: ही रक्कम कोणत्या खात्यात जाणार, आणि त्या खात्याचा गेल्या वर्षीचा हिशेब बघायला मिळेल का? चांगल्या क्लबचा ट्रेझरर हा प्रश्न ऐकून खूश होतो. त्याला वर्षभर कुणी विचारलेलं नसतं.

तिकिटाने हॉल भरतो, जाहिरातीने खातं

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली आणि परीक्षांना अवकाश आहे, असे मधले काही आठवडे सोलापुरात कार्यक्रमांचे. थंडी असते, लोक संध्याकाळी बाहेर पडतात. हुतात्मा स्मृती मंदिरात जुन्या गाण्यांची मैफल, विनोदी नाटकाचा प्रयोग, हास्यकवींचं संमेलन असं काही क्लब ठेवतो आणि 'मदतनिधीसाठी' असं तिकिटावर छापतो. यातून पैसा किती उरतो?

समजा ५०० रुपयांची ७०० तिकिटं गेली. साडेतीन लाख जमले. कलाकारांचं मानधन, साउंड, सभागृहाचं भाडं, स्वयंसेवकांचं जेवण यांत तीन लाख गेले. उरले पन्नास हजार. तीन महिन्यांची धावपळ आणि हातात एवढंच. पण त्याच कार्यक्रमात एक स्मरणिका प्रकाशित होते. तिच्यात ६० जाहिराती, सरासरी पाच हजारांची एक. तीन लाख झाले, छपाईचे पन्नास हजार गेले, अडीच लाख उरले. स्मरणिका कुणी वाचत नाही ही तक्रार खरी आहे, पण ती वाचण्यासाठी काढलेलीच नसते. शाळेचं स्वच्छतागृह उभं राहतं ते तिच्या पानांवर.

दुकानदारालाही देणगीपेक्षा जाहिरात परवडते, यामागे आयकराचं गणित आहे. धंद्याची जाहिरात हा धंद्याचा खर्च, तो नफ्यातून पूर्ण वजा होतो. देणगीवर मात्र आयकराच्या ८०जी कलमाखाली साधारण निम्म्या रकमेचीच वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत असाल तर आणि उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. म्हणून चाटी गल्लीतला कापडवाला 'देणगी नको, अर्धं पान लिहा' म्हणतो. त्याची दुसरी अडचणही समजून घ्या. गणपती, नवरात्र, जयंत्या, गड्डा असं वर्षभर त्याच्या काउंटरवर कुणी ना कुणी पावती पुस्तक घेऊन उभंच असतं. क्लबवाला त्या रांगेत शेवटचा.

८०जी चं आणखी थोडं. आयकराचा नवा कायदा आल्यावर कलमांचे आकडे बदलले, तरी लोक ऐंशी-जीच म्हणतात आणि म्हणत राहतील. दोन हजारांपेक्षा जास्त देणगी रोख दिलीत तर वजावट मिळत नाही. चेक किंवा यूपीआय हवं. नुसती पावती पुरत नाही. संस्थेने तुमची देणगी आयकर खात्याकडे कळवून तुम्हाला रीतसर प्रमाणपत्र द्यावं लागतं. आणि इथेच एक मेख आहे. पुष्कळदा क्लबला स्वतःला ८०जी नसतं. त्याच्याच सभासदांनी चालवलेला वेगळा सार्वजनिक ट्रस्ट असतो, मान्यता त्याला असते. त्यामुळे पावतीवर क्लबचं नाव आहे की ट्रस्टचं, हे वाचून घ्यायला लाजू नका.

ट्रस्ट असला की तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, दर वर्षी लेखापरीक्षण होतं. नोंदणी नसताना सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची तर याच कायद्याचं कलम ४१क आहे. आपली गणेश मंडळं दर वर्षी याच कलमाखाली परवानगी काढतात. पूर आला, एखादं लहान मूल आजारी पडलं, की व्हॉट्सअॅपवर कुणाच्या तरी खासगी खात्याचा क्यूआर कोड फिरायला लागतो. तो पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण हिशेब मागायची कायदेशीर वाट तिथे जवळजवळ नसते. क्लबच्या पावतीचा फायदा हाच: कुणाला धरायचं ते माहीत असतं.

दहा हजारांचे बत्तीस हजार

आता सगळ्यात अवघड भाग. एखादा क्लब सरकारी रुग्णालयाला डायलिसिसची मशिनं देतो, तीस-पस्तीस लाखांचा प्रकल्प. जाहिरातींच्या पन्नास-साठ पानांतून एवढा पैसा येणं शक्य नाही. मग येतो कुठून?

रोटरीचं स्वतःचं एक फाउंडेशन आहे. १९१७ साली आर्च क्लंफ यांनी कल्पना मांडली आणि पहिली देणगी आली साडेसव्वीस डॉलरची. आज जगभरचे रोटेरियन त्यात दर वर्षी भर घालतात. ज्याच्या नावे एक हजार डॉलर जमा होतात तो 'पॉल हॅरिस फेलो'. कोटावर पिन लागते. लायन्सकडे तशीच 'मेल्विन जोन्स फेलो'ची पदवी, तीही हजार डॉलरला. या पिनांची थट्टा होते आणि थोडी व्हायलाच हवी. पण पिनेचे पैसे जातात कुठे ते बघा.

रोटरीच्या वार्षिक निधीत दिलेली रक्कम तीन वर्षं गुंतवून ठेवतात. त्यावरच्या उत्पन्नातून कारभाराचा खर्च भागवायला मदत होते. तीन वर्षांनी जवळजवळ निम्मी रक्कम ज्या डिस्ट्रिक्टने दिली त्याच्याकडे परत वापरायला येते, उरलेली जागतिक निधीत राहते. भिशीसारखंच, फक्त पाळी तीन वर्षांनी येते. २०२२-२३ मध्ये दिलेला पैसा २०२५-२६ मध्ये हाती. हे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. सोलापूर रोटरीच्या ३१३२ क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये मोडतं, त्यात साताऱ्यापासून मराठवाड्यापर्यंतचे क्लब येतात.

या परत आलेल्या निधीतला काही भाग लहान स्थानिक कामांना जातो. मोठं काम असेल तर 'ग्लोबल ग्रँट' मागायची. तिच्या अटी अशा: प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा हवा, आणि जिथे काम होणार त्या देशातल्या क्लबबरोबर दुसऱ्या देशातला एखादा क्लब भागीदार हवा. मग गणित असं बसतं. समजा आपल्या डिस्ट्रिक्टने आपल्या निधीतून दहा हजार डॉलर दिले, परदेशी भागीदाराच्या डिस्ट्रिक्टने आठ हजार. अठरा झाले. डिस्ट्रिक्ट निधीच्या रकमेवर जागतिक निधी ८० टक्के भर घालतो, म्हणजे १४,४००. एकूण ३२,४०० डॉलर. आपल्या बाजूचे दहा हजार, काम बत्तीस हजारांचं. पिनेवाल्यांच्या डॉलरनी हीच उडी घेतलेली असते.

एकंदर व्यवस्थेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट इथे आहे. आज पैसे देणारा अध्यक्ष तीन वर्षांनंतरच्या, अजून निवडही न झालेल्या अध्यक्षासाठी देत असतो. ग्रँटचं कामही एका वर्षात क्वचितच आटपतं. अर्ज एकाच्या काळात, मंजुरी दुसऱ्याच्या, अंतिम अहवाल तिसऱ्याच्या. अर्जाआधी गावात जाऊन गरज तपासल्याचा कागद द्यावा लागतो आणि पैसा संपल्यावर मशिन कोण चालवणार तेही लिहून द्यावं लागतं. बारा महिन्यांच्या खुर्चीला घातलेला हा लगाम आहे.

परदेशातला मित्र 'मी थेट तुमच्या क्लबला पाठवतो' म्हणाला तर मात्र थांबा. परदेशी निधीसाठी एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते. ती असली तरी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच उतरतो. एका संस्थेने घेतलेला असा पैसा दुसरीकडे वळवायलाही २०२० पासून बंदी आहे. छोट्या क्लबच्या ट्रस्टला ही नोंदणी सहसा नसते.

देशातला मोठा झरा म्हणजे सीएसआर, कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून खर्चायचा पैसा. कंपनी कायदा, २०१३ चं कलम १३५ सांगतं: निव्वळ संपत्ती ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी काहीही गाठलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे. बालाजी अमाईन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स अशा सोलापुरातल्या मोठ्या कंपन्या या कायद्याच्या कक्षेत येतात. टॉवेल-चादरीचे बहुतेक कारखाने मात्र येत नाहीत. ते लहान आहेत. म्हणजे अक्कलकोट रोडच्या यंत्रमागवाल्याकडून जाहिरात मागायची आणि मोठ्या कंपनीकडे सीएसआरचा प्रस्ताव न्यायचा, या दोन वेगळ्या विद्या. कंपनीचा पैसा घेणाऱ्या संस्थेने केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे वेगळी नोंदणी केलेली असावी लागते.

मोतीबिंदूच्या शिबिरात क्लब नेमकं काय करतो

१९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम ही त्यांची खूण बनली. आपल्याकडे 'मोफत मोतीबिंदू शिबिर' हा फ्लेक्स पाहिला नाही असं गाव नसेल. लोकांचा समज असा की क्लब ऑपरेशनचे पैसे देतो. बऱ्याच वेळा तसं नसतं. अंधत्व निवारणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून, १९७६ पासून चालत आलेल्या, मान्यताप्राप्त रुग्णालयांना प्रत्येक शस्त्रक्रियेमागे सरकार ठरावीक अनुदान देतं. बाकीचा भार धर्मादाय रुग्णालय किंवा देणगीदार उचलतात.

मग क्लबचं काम काय? माणूस गावातून उठवून टेबलापर्यंत नेणं. हे ऐकायला किरकोळ वाटतं. मोहोळ तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात सत्तरीची आजी तपासणीला येते, मोतीबिंदू निघतो, तारीख मिळते. ती तारीख येईपर्यंत काय काय होतं? मुलगा पुण्याला, सून म्हणते दिवाळीनंतर बघू. साखर वाढलेली निघते. शेजारीण सांगते, अमक्याचा डोळा गेला. गाडी सकाळी सहाला येते आणि आजी 'मला नाही यायचं बाई' म्हणून दाराआड. यादीत नाव असलेला प्रत्येकजण ऑपरेशनपर्यंत पोचत नाही. पोचवायचं काम फोन करणाऱ्या स्वयंसेवकाचं. सुनेशी बोलायचं, बीपीच्या गोळीची आठवण करायची, गाडीत सोबत बसायचं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर घरी सोडायचं, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा तपासणीला आणायचं, चष्म्याचा नंबर काढून चष्मा हातात द्यायचा. बातमीत फोटो तपासणीच्या दिवसाचा येतो. काम खरं सुरू होतं फोटोनंतर.

पूर्वी शाळेच्या वर्गात टेबलं मांडून ऑपरेशनं व्हायची. जंतुसंसर्गाने डोळे गमावल्याच्या घटना देशात ठिकठिकाणी घडल्या आणि ती पद्धत बंद पडली. आता तपासणी गावात, शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या थिएटरमध्येच. कुणी आजही मंडपात ऑपरेशनची भाषा केली तर सरळ नाही म्हणा.

रक्तदानाचं दुखणं निराळं. तिथे माणसं कमी नाहीत, तारखा चुकीच्या आहेत. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, १५ ऑगस्ट, शिवाय नेत्यांचे वाढदिवस. एकाच दिवशी शहरात चार-पाच शिबिरं. पण रक्तातल्या लाल पेशी जेमतेम ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं, स्त्रीला चार. म्हणजे एका आठवड्यात ज्यांचं रक्त घेतलं ते पुढची गरज लागेल तेव्हा नियमाने बाद. मे महिना आला, कॉलेजं बंद, पारा बेचाळीसच्या पुढे, की रक्तपेढ्या फोन करत सुटतात. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते.

म्हणून क्लबने आणखी एक मोठं शिबिर घेण्यापेक्षा रक्तपेढीला विचारून मे-जूनमध्ये लहान लहान शिबिरं घ्यावीत, किंवा दात्यांची यादी करून दर महिन्याला वीसजण पाठवावेत. यात विक्रम होत नाही, फ्लेक्स लागत नाही. कदाचित म्हणूनच हे कमी होतं. स्त्रियांच्या शिबिरात आणखी एक गोष्ट दिसते: हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली म्हणून कितीतरीजणी परत जातात. हुशार क्लब त्या बाद झालेल्यांची नावं लिहून घेतो आणि पुढचा कार्यक्रम त्यांच्यासाठी, तपासणीचा आणि लोहाच्या गोळ्यांचा ठेवतो.

या सगळ्यात धीराचं सर्वांत मोठं उदाहरण पोलिओचं आहे. रोटरीने १९८५ साली पोलिओ हटवायचं काम हाती घेतलं. भारतात पल्स पोलिओ १९९५ पासून. रविवारी बूथवर मुलांच्या बोटाला शाई लावणारे, कर्मचाऱ्यांना चहा-नाश्ता पोचवणारे, 'आमच्यात देत नाहीत' म्हणणाऱ्या घराशी बोलायला त्याच मोहल्ल्यातला डॉक्टर घेऊन जाणारे, यांत क्लबवाले होते. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणपत्र दिलं. १९८५ ते २०१४ या काळात प्रत्येक क्लबचे एकोणतीस अध्यक्ष बदलले असतील. काम तेच राहिलं, कारण ते ठरवायचा अधिकार अध्यक्षाकडे नव्हता.

पुराच्या वेळी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत हाहाकार केला. मदतीच्या गाड्या सगळीकडून निघाल्या. अशा वेळी क्लबचं बलस्थान आणि दुबळेपण एकदम दिसतं. बलस्थान हे की दोन फोनमध्ये टेम्पो, तांदूळ, औषधं आणि डॉक्टर जमतात. सरकारी आदेशाची वाट बघावी लागत नाही. दुबळेपण हे की टेम्पो हायवेवरून दिसणाऱ्या गावात थांबतो. तिथे तिसऱ्या दिवशी बिस्किटांचे पुडे उरतात आणि आतल्या वस्तीवर चूल पेटलेली नसते. जुने कपडे तर कुणी पाठवूच नयेत. निवडायला माणसं लागतात आणि शेवटी ढीग रस्त्याकडेला पडतो.

पहिल्या आठवड्याचं अन्न बहुतेकांना सुचतं. महिन्याभराने लागतं ते वेगळं: वाहून गेलेली पाण्याची मोटर, जनावरांचा चारा, मुलांची दप्तरं, गाळाने भरलेली विहीर उपसायला पंप, रब्बीचं बियाणं. तेव्हा टीव्हीवाले गेलेले असतात. रोटरी फाउंडेशन आपत्तीग्रस्त डिस्ट्रिक्टला २५ हजार डॉलरपर्यंत आपत्ती अनुदान देतं, लायन्सच्या फाउंडेशनचीही तातडीच्या मदतीची योजना आहे. हा पैसा पहिल्या दिवशी पोचत नाही, आणि ते बरंच आहे. तो या दुसऱ्या टप्प्यासाठी राखावा.

मागायचं असेल तर

तुम्ही शाळेचे मुख्याध्यापक आहात, बचत गटाच्या ताई आहात किंवा वस्तीतले कार्यकर्ते आहात आणि क्लबकडून काही हवं आहे, तर एप्रिल-मे मध्ये जा. आणि सध्याच्या अध्यक्षांबरोबरच येणाऱ्या अध्यक्षांनाही भेटा. त्यांचं वर्षाचं नियोजन तेव्हाच चालू असतं आणि त्यांना कामं हवी असतात. फेब्रुवारीत गेलात तर निधी वाटून झालेला. जूनमध्ये गेलात तर उरलेला पैसा संपवायची घाई, त्यात तुमच्या शाळेला नको असलेलं काहीतरी मिळायचं.

ही भीती खोटी नाही. कितीतरी शाळांत कुणीतरी दिलेलं पाणी शुद्ध करायचं यंत्र फिल्टरअभावी बंद आहे, वर दात्याच्या नावाची पाटी चकचकीत. दोष एकट्या क्लबचा नाही. शाळेनेही 'देतायत तर घेऊ' केलेलं असतं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हात धुवायचे नळ बसवण्याआधी टाकी किती लिटरची हवी हे विचारायला नको का? न पेलणारी वस्तू नाकारायचा हक्क मागणाऱ्यालाही आहे. चांगला क्लब त्याने दुखावत नाही.

पैसे किंवा वस्तू नकोत, नुसता हात लावायचा आहे, तर सभासद व्हायची गरज नाही. सभासदत्वाला निमंत्रण लागतं आणि वर्गणी सगळ्यांना झेपत नाही. या क्लबांत मध्यमवर्गाच्या वरचेच लोक जास्त दिसतात याचं कारण तेच. अठरा वर्षं पूर्ण झाली की रोट्रॅक्टमध्ये जाता येतं, तिथे २०२० पासून कमाल वयाची अट उरलेली नाही. ज्यांना तेही नको त्यांनी शिबिराच्या दिवशी तासभर आधी जावं आणि ट्रेझररला नव्हे, नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाला विचारावं. तेलुगू आणि कन्नड बोलता येत असेल तर अधिकच उत्तम. पूर्वभागातल्या विडी कामगार आजीला डोळ्यात थेंब घातल्यावर काय करायचं नाही ते तिच्या भाषेत सांगणारा माणूस त्या टेबलावर नेहमीच कमी पडतो.

आणि अर्ज करणार असाल तर एका पानाचा करा. काय हवं, किती मुलांना किंवा घरांना उपयोग, जागा कुणाच्या मालकीची, वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च पुढची पाच वर्षं कोण उचलणार, आणि त्या माणसाचं नाव व सही.